नाल्याच्या तोंडाचा पिंजरा

“घराला जुना रंग आहे का? भिंतींचे पोपडे निघतात?” डॉक्टरीणबाईंनी विचारले.

ठकीच्या आईने नकारार्थी मान हलवली. भिंतींना चुना होता. भांडी स्टीलची. नवरा शाळेच्या बसवर ड्रायव्हर. घराजवळ गॅरेज नाही, बॅटऱ्यांचे दुकान नाही, छापखाना नाही. डॉक्टरीणबाई एकेक प्रश्न विचारत होत्या आणि ठकी आईच्या मांडीवर आडवी पडून टेबलाच्या कडेवर नखाने ओरखडे काढत होती. तिचे तिसरे वर्ष संपत आले होते. मागच्या वर्षी ती ‘पाणी’, ‘बाबा’, ‘नको’ एवढे तरी म्हणायची. आता तेही बंद झाले होते. पोट धरून रडायची, खाता खाता ताट ढकलून द्यायची. रक्त तपासायला दिले तेव्हा घरच्यांना वाटले, रक्त कमी असेल. ते कमी होतेच. पण त्यात शिसेही निघाले होते, आणि थोडेथोडके नाही.

“मासे खाते?”

“आवडीनं,” ठकीची आई म्हणाली. “आमच्याकडे एक दिवसाआड असतातच.”

“कुठले?”

आतापर्यंत मागच्या खुर्चीवर गप्प बसलेली ठकीची आजी, तिच्या आईची आई, इथे पुढे सरकली. “मासे आमच्या पाणथळातले. पण ते पाणी चांगलं आहे. मी पाणी तपासणी केंद्रातच असते. तिथलं शिसं मीच तर मोजते.”

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवले. कसे मोजता, म्हणून विचारले. त्यांना खरेच कुतूहल वाटले असावे.

हा प्रश्न कुणी विचारला की आजीचा चेहरा खुलायचा. वस्तीत तिला सगळे किडेताई म्हणत, आणि त्यात तिला कमीपणा वाटत नसे. तिने सांगितले की शिसे मोजायचे ते किड्यांतून; हे किडे गांडुळाच्याच जातीचे, पण पाण्यात राहणारे. लाल, दोऱ्यासारखे बारीक. डोके गाळात खुपसून दिवसभर गाळ खातात आणि श्वासासाठी शेपूट वर पाण्यात हलवत राहतात. पाणी आज नितळ दिसते, उद्या गढूळ, त्याचा भरवसा नाही. पण गाळात जे विष साचते ते किड्यांच्या अंगात उतरते आणि तिथेच राहते. केंद्रात ती ट्रेमध्ये हे किडे वाढवते. मग जाळीच्या पिंजऱ्यांत भरून ते पाणथळात तीन ठिकाणी सोडतात. एक पिंजरा झऱ्याच्या बाजूला, एक मध्ये आणि एक नाल्याच्या तोंडाशी, कारण जुन्या बॅटऱ्या फोडणाऱ्या कारखान्याचे पाणी त्या नाल्यातून येते. काही आठवड्यांनी पिंजरे काढायचे, किडे धुऊन, वाळवून, ॲसिडमध्ये विरघळवून यंत्राला लावायचे. यंत्र शिशाचा आकडा देते.

“आणि नाल्याच्या तोंडाशीसुद्धा आकडा कमीच येतो,” ती म्हणाली. “गेली कित्येक वर्षं. कारखान्यानं पाणी साफ करायची टाकी बांधली, तेव्हापासून.”

डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतले. म्हणाल्या, चांगली गोष्ट आहे, तरी तूर्त मासे बंद ठेवा. शिसे आत जायचे थांबले की हळूहळू उतरते. बोलणे किती परत येईल, ते आत्ताच सांगता येणार नाही.

बाहेर रस्त्यावर आल्यावर लेक थांबली. ठकीला तिने या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतले आणि मग विचारले, “आई, नक्की ना? ही पोटात होती तेव्हापासून मी खातेय. तू म्हणालीस म्हणून.”

“नक्की,” किडेताई म्हणाली. तिला थोडा रागच आला होता. आपल्या मुलीने आपल्याच कामावर शंका घ्यावी, याचा.

किडेताईचा नवरा काविळीने गेला तेव्हा लेक नुकतीच शाळेत जाऊ लागली होती. घरात कमावणारे कुणी नव्हते. सासरची माणसे चार दिवस येऊन गेली. राहिला तो फक्त धाकटा दीर. तो मासेमारी करायचा, समोरच्याच घरात राहायचा. त्याने आपले ठरलेले लग्न पुढे ढकलले. वहिनीच्या घराचे गळके पत्रे बदलले. पुतणीला खांद्यावर बसवून शाळेत नेले, आणि सकाळी वहिनी कामाच्या शोधात बाहेर पडायची तेव्हा पोरीच्या वेण्याही घातल्या. एक वेणी कानाच्या वर, एक कानाच्या खाली. शाळेतल्या बाईंनी एकदा निरोप पाठवला होता की मुलीची वेणी घालणाऱ्याला आरसा द्या. हा विनोद घरात पुढे कितीतरी वर्षे चालला.

किडेताई लग्नाआधी कॉलेजात विज्ञान शिकली होती. ते शिक्षण अर्धवट सुटले, पण त्याच्या जोरावर पाणी तपासणी केंद्रात तिला मदतनिसाची जागा मिळाली. किडे पाळण्याचे काम कुणालाच नको होते. तिने ते घेतले आणि तिचा त्यात जीव रमला. ट्रेमधले पाणी बदलताना ती किड्यांशी बोलायची, त्यांना ‘माझी पोरं’ म्हणायची. दीर चेष्टा करायचा, “वहिनी, तुमच्या पोरांची जनगणना झाली तर सरकार बुडेल.”

केंद्राला नावाडी हवा होता तेव्हा तिनेच दिराचे नाव सुचवले. साहेबांनी विचारले, माणूस भरवशाचा आहे ना? तिने सांगितले, माझ्या स्वतःपेक्षा जास्त. सुरुवातीला दोघेही नावेतून जायची. तो नाव स्थिर धरायचा, ती पिंजरा गाळात रोवायची. वर्षभरातच तिचे गुडघे दुखू लागले, नावेत चढता-उतरताना डोळ्यांत पाणी यायचे. दीर म्हणाला, तुम्ही कशाला येता, मी आहे ना. तेव्हापासून ती काठावर थांबायची. लव्हाळ्यांच्या आड नाव दिसेनाशी व्हायची आणि थोड्या वेळाने तो पिंजरे घेऊन परत यायचा. ते पिंजरे ती मुलाला आंघोळ घालावी तसे धुवायची.

डॉक्टरांकडून आल्यानंतर दोन दिवस तिचे कामात लक्ष लागले नाही. यंत्र बिघडले असेल का, म्हणून तिने ते ओळखीच्या नमुन्यावर तपासून पाहिले. यंत्र ठीक होते. मग तिला वाटले, आपण एकदा जागा डोळ्यांनी पाहून यावी, म्हणजे लेकीला छातीठोकपणे सांगता येईल. दीर त्या दिवशी बायकोच्या माहेरी गेला होता. पाणथळात लव्हाळी कापून चटया विणणारी एक म्हातारी होती. तिची स्वतःची लहानशी होडी होती. किडेताईने तिला गळ घातली.

“गुडघे?” म्हातारीने विचारले.

“राहू देत गुडघे.”

नाल्याच्या तोंडाशी पोचायला वेळ लागला. तिथे लव्हाळीही धड उगवलेली नव्हती. पाण्यावर पातळ साय आली होती आणि वास असा की दोघींनी पदर नाकाला लावला. गाळात रोवलेला खांब जागेवर होता, त्याला बांधलेली दोरीही. काठावरून पाहणाऱ्याला सगळे व्यवस्थित वाटले असते. किडेताईने दोरी ओढली. ती जड लागली म्हणून तिला हायसे वाटले. मग दोरीच्या टोकाला काळी पडलेली वीट वर आली.

तिला वाटले पिंजरा तुटून वाहून गेला असेल, आणि दिराने तात्पुरती खूण म्हणून वीट बांधली असेल. तसे ती म्हातारीला म्हणालीसुद्धा.

म्हातारी वल्हे मांडीवर ठेवून बसली होती. ती म्हणाली, “वाहून कशाला जाईल? तुमचे पिंजरे तिकडे झऱ्याच्या बाजूला असतात ना. तिन्ही एकाच ठिकाणी.”

“कधीपासून?”

“मी बघतेय तेव्हापासून. मला वाटलं, तुमचीच काहीतरी रीत असेल. सगळ्यांना माहीत आहे.”

झऱ्याच्या बाजूला पाणी गार आणि नितळ होते, खालची बारीक रेती दिसत होती. तिन्ही पिंजरे एका ओळीत रोवलेले होते. नीट रोवलेले, अगदी तिने शिकवले होते तसे, तिरपे आणि तोंड प्रवाहाकडे करून. एका पिंजऱ्याला नाल्याच्या तोंडाची खूण असलेली लाल पट्टी होती. ती पट्टी तिने स्वतःच्या हाताने बांधली होती.

“परत चला,” ती म्हातारीला म्हणाली. 

दुसऱ्या दिवशी सकाळी दीर तिच्या स्वयंपाकघरात होता. नळ गळतो म्हणून तिनेच त्याला मागच्या आठवड्यात सांगितले होते. तो नवा वायसर घेऊन आला होता, सिंकखाली वाकून बसला होता. तिने चहा ठेवला. आदल्या रात्रभर तिने मनाशी घोकले होते की सरळ विचारायचे. पण त्याची पाठ समोर दिसली आणि तिने आडून विचारले, नाल्याच्या तोंडाशी सध्या कसे आहे?

“नेहमीचंच,” तो आतूनच म्हणाला. “पाणी थोडं उतरलंय. तुमची पोरं मजेत आहेत. परवाच बघून आलो.”

तो अडखळेल, निदान पाना हातातून सुटेल, असे तिला वाटले होते. तसे काहीच झाले नाही. त्याने नळ सुरू करून पाहिला, बंद करून पाहिला, हात पुसले, चहा प्यायला आणि ठकीची चौकशी केली. डॉक्टर काय म्हणाले, औषध कसले दिले, सगळे विचारले. जाताना म्हणाला, काही लागले तर सांगा. त्याच्या आवाजात काळजी होती, आणि ती खरी होती. किडेताईला ते कळत होते. तो गेल्यावर ती ओट्याला टेकून उभी राहिली. नळ आता थेंबभरही गळत नव्हता.

तिने कुणाला काही सांगितले नाही. नवे पिंजरे भरले, ट्रेमधले चांगले धट्टेकट्टे किडे निवडून त्यांत सोडले आणि म्हातारीच्या होडीतून जाऊन ते स्वतः नाल्याच्या तोंडाशी रोवले. गुडघ्यांना पट्टे बांधले होते तरी परतताना तिला होडीतून ओढून काढावे लागले. दीर रोजच्यासारखा येत होता, जात होता. ती त्याच्याशी बोलत होती, त्याने आणलेली भाजी घेत होती. आपल्याला हे जमते आहे, याचेच तिला नवल वाटायचे.

पिंजरे काढले तेव्हा बहुतेक किडे मेलेले होते. जे थोडे जिवंत होते ते आखूड झाले होते, शेपट्या झडलेल्या, रंग उडालेला. स्वच्छ पाण्यात ठेवल्यावरही ते निरोगी किड्यांसारखे गोळा होऊन एकमेकांना धरून राहिले नाहीत, तळाशी सुटे सुटे पडून राहिले. उरलेले तिने वाळवले, विरघळवले, यंत्राला लावले. आकडा आला, नेहमीच्या कित्येक पट. तिने पुन्हा लावले. तोच आला.

ती त्याच दुपारी समोरच्या घरात गेली. दीर चटईवर बसून जाळे सांधत होता. जाऊ वाळलेले कपडे घड्या करत होती. जाऊ उठून पाणी आणायला निघाली, तशी किडेताईने तिला बस म्हटले आणि विचारले, “तुमच्या घरात मासे कधीपासून बंद आहेत गं?”

जावेचा हात घडीवरच राहिला. तिने नवऱ्याकडे पाहिले. वर्षानुवर्षे ती सांगत आली होती की तिला माशांचा वास सोसत नाही, मुलांनाही अंगावर पुरळ येते. किडेताईने कधी दुसरा विचार केला नव्हता. उलट तिनेच एकदा पुरळावरचे मलम आणून दिले होते.

“मी झऱ्यावर जाऊन आले, भाऊजी,” किडेताई म्हणाली. “नाल्यावरही गेले होते. वीट बघितली.”

दिराने सुई जाळ्यात खोचली. नाही म्हणाला नाही, हे त्यातल्या त्यात बरे. त्याने सांगायला सुरुवात केली, आणि मग सगळे सांगितले. केंद्राच्या पहिल्या वर्षी नाल्याच्या तोंडचे किडे मेले होते. ते तिलाही आठवत होते. तेव्हा साहेब म्हणाले होते की कारखान्याला टाकी बांधायला लावू, आणि पुन्हा असेच आले तर मासेमारी बंद करावी लागेल. दीर तेव्हा दारातच उभा होता, वल्हे घेऊन. टाकी बांधली गेली. पण ती नुसती बांधली होती, चालवत कुणी नव्हते. दुसऱ्या वर्षी तो एकटाच नाव नेऊ लागला, तेव्हा त्याने पिंजरा उचलून पाहिला तर किडे पुन्हा मरत होते. गल्लीतले प्रत्येक घर त्या पाण्यावर जगत होते. त्याने पिंजरा हलवला. एकदाच, असे ठरवून.

“मग दरवेळी हलवावाच लागला,” तो म्हणाला. “एकदा चांगला आकडा आल्यावर पुढच्या वेळी वाईट कसा येऊ द्यायचा?”

“कारखान्यानं काय दिलं?”

“कुणाचा एक पैसा घेतला नाही, वहिनी. मुलांची शपथ.”

तिचा त्यावर विश्वास बसला. त्याने पैसे घेतले असते तर बरे झाले असते, असे तिला वाटून गेले. मग निदान त्याचा मनापासून तिरस्कार करता आला असता.

ती म्हणाली, “माझी पोर पोटुशी होती. माझ्या स्वयंपाकघरात बसली होती. तिनं विचारलं, मासे खाऊ ना? मी म्हटलं, बिनधास्त खा, माझ्या पोरांनी पाणी पास केलंय. तुम्ही तिथे होतात. माझ्या शेजारी बसून चहा पीत होतात.”

“हो.”

“तुमच्या घरात तेव्हा मासे बंद झाले होते?”

जाऊ उठून आत गेली. दिराने जाळ्यातली एक गाठ बोटांत फिरवली.

“झाले होते,” तो म्हणाला. “म्हणजे, मला खात्री नव्हती. किडे काय, जराशानं मरतात. माणसाला तेवढं बाधत नसेल, असं वाटायचं. पण मुलं लहान होती, म्हटलं उगीच कशाला... तिला सांगायचं मनात आलं होतं, वहिनी. जिभेवर आलं होतं. पण तेवढंच कसं सांगणार? सांगितलं असतं तर सगळंच सांगावं लागलं असतं.”

किडेताईला वाटले होते की आपण ओरडू, काहीतरी फेकू. तसे काहीच तिच्याने झाले नाही. तिने फक्त विचारले, “तिच्या वेण्या कोण घालत होतं?” आणि उत्तराची वाट न पाहता ती उठली. उठताना गुडघ्यातून कळ आली आणि तिचा हात सवयीने पुढे झाला. दिराने तो धरायला आपला हात पुढे केला. तिने दाराची चौकट धरली.

केंद्रात तिने साहेबांना सगळे सांगितले. साहेब भला माणूस होता, निवृत्तीला आला होता. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, या वर्षी अचानक वाढले, असेही लिहिता येईल. त्यात तुमचीही नोकरी राहील, माझीही अब्रू. कारखान्यावर कारवाई व्हायची ती होईलच. तिने विचारले, मग ज्यांनी या सगळ्या वर्षांत मासे खाल्ले, त्यांचे रक्त कोण तपासणार? ती लहान मुले शोधणार कोण? साहेबांनी चष्मा पुन्हा घातला, आणि लिहिले ते खरे लिहिले. मागच्या सगळ्या वर्षांचे आकडे रद्द झाले. किडेताईने हयातभर केलेल्या कामातून एका पहिल्या वर्षाचे काम उरले.

मासेमारी बंद झाली. काठावर पाटी लागली. कारखान्याला टाळे लागले. कागदोपत्री तरी लागले. वस्तीत रक्ततपासणीची गाडी आली, रांगा लागल्या, ठकीसारखी आणखी मुले निघाली. किडेताईची नोकरी राहिली, दिराची गेली. तो दूरच्या गोदामात ओझी उचलायला जाऊ लागला. गल्लीने मात्र राग त्याच्यावर धरला नाही. त्याने आपल्या सगळ्यांच्या पोटासाठी केले, असे लोक म्हणत. किडेताईबद्दल वेगळे बोलत. इतकी वर्षे चांगले म्हणत होती, आता वाईट म्हणते, हिच्या कुठल्या शब्दावर विश्वास ठेवायचा? मासे विकणाऱ्या बाया तिला बघून रिकाम्या टोपल्या उलट्या करून त्यांवर बसायच्या. तिला त्यांचे फारसे चुकते आहे असे वाटत नसे.

एकदा दीर दाराशी आला होता. आत आला नाही. म्हणाला, केंद्राला नवा नावाडी मिळेपर्यंत मी नाव नेतो, काही नको मला, तुमच्या गुडघ्यांना ते जमायचे नाही. तिने सांगितले, जमेल. म्हातारी तिला वल्हवायला शिकवत होती. सुरुवातीला होडी नुसती गोल फिरायची आणि म्हातारी तोंड दाबून हसायची, पण आता ती बरी सरळ जात होती.

लेकीला सांगणे सगळ्यांत अवघड गेले. किडेताईने ते त्याच दिवशी सांगितले होते, दिराच्या घरून निघून थेट तिच्याकडे जाऊन. काही लपवले नाही. पिंजरे, वीट, झरा, काकाच्या घरी बंद झालेले मासे. पहिल्यांदाच ती कुणाजवळ तरी मोकळी होत होती. फसवले गं मला, ती म्हणाली. ज्याला घरचा खांब समजत होते, त्यानेच फसवले.

लेकीने शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग म्हणाली, “काकाचं आणि तुझं काय ते तुम्ही बघा. मी काकाला विचारलं नव्हतं. तुला विचारलं होतं.”

त्यानंतर बरेच दिवस लेकीने तिला बोलावले नाही. जावई मधूनमधून फोन करून ठकीचे कळवायचा. माणूस अबोल होता, पण न चुकता करायचा. शिसे उतरते आहे. पोटदुखी कमी आहे. दूध द्या, हिरव्या भाज्या द्या, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. बोलत अजून नाही, पण हाक मारली की वळून बघते.

मग एके दिवशी त्यानेच सांगितले, येऊन जा.

किडेताई सकाळी गेली. वाटेत तिने दुधाच्या केंद्रावरून दुधाची पिशवी घेतली. लेकीने दार उघडले, आत ये म्हणाली. तब्येतीची विचारपूस केली, गुडघ्यांचे विचारले. बोलणे नीट होते, शेजारणीशी बोलावे तसे. ठकी जमिनीवर बसून डब्यांची झाकणे एकात एक घालत होती. गालांवर थोडा रंग आला होता. आजीकडे तिने एकदा पाहिले, मग एक झाकण उचलून तिच्या हातात दिले. किडेताई कशीबशी खाली बसली आणि दोघी झाकणे लावू लागल्या.

“पिशवीत काय आहे?” लेकीने विचारले.

“दूध. ठकीसाठी.”

“कुठलं?”

किडेताईने सांगितले. कुठल्या केंद्रावरचे, कधी आलेले, पाकिटावर तारीख कुठली. डेअरी पलीकडच्या गावची, या पाण्याशी तिचा संबंध नाही, हेही सांगितले. लेकीने सगळे ऐकले आणि म्हणाली, “ठेव तिकडे ओट्यावर.”

थोड्या वेळाने ठकीची दुधाची वेळ झाली. लेकीने फडताळातले आपले पातेले काढले, त्यातले दूध गरम केले, साखर घातली, निववले आणि ठकीला पाजले. ओट्यावरच्या पिशवीला तिचा हात लागला नाही. किडेताईने ते पाहिले आणि ती झाकणे लावत राहिली. मोठ्यात मधले, मधल्यात लहान. ठकीने ती पुन्हा सुटी केली आणि पुन्हा तिच्यापुढे ढकलली.

निघताना किडेताई भिंतीला धरून उठली. ठकीच्या डोक्यावरून हात फिरवला. मग ओट्याकडे जाऊन तिने दुधाची पिशवी स्वतःच उचलली, लेकीला ती टाकावी लागू नये म्हणून. लेक दारापर्यंत आली. पिशवीकडे तिचे लक्ष गेले.

“पुढच्या आठवड्यात ये,” ती एवढेच म्हणाली.

“येईन,” किडेताई म्हणाली, आणि एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत जिना उतरू लागली.